पुराव्याची पारख

गेल्या सहामाहीच्या पालकसभेनंतर एक सद्गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. रावेरच्या शिवारात त्यांची केळीची बाग आहे. त्यांची कन्या दहाव्या इयत्तेत शिकते आणि गणित व विज्ञान ह्या दोन्ही विषयांत तिची गती चांगली आहे. ते म्हणाले, "सर, मुलगी म्हणते, मला डॉक्टरही व्हायचे नाही आणि इंजिनियरही व्हायचे नाही. गुन्ह्यांच्या पुराव्याचे शास्त्र शिकायचे, त्यातच पुढे संशोधन करायचे आणि प्राध्यापक व्हायचे. हे कसले खूळ? पोलिसांतच जायचे असेल तर सरळ भरतीला उभी राहा म्हणावे! आणि खून-मारामाऱ्यांचा अभ्यास हा काय चांगल्या घरच्या मुलीने करायचा अभ्यास झाला?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. त्या वेळी मी त्यांस चार शब्दांत काही उत्तर दिले खरे, परंतु ते माझे मलाच अपुरे वाटले. असाच प्रश्न इतरही घरांतून विचारला जात असेल, असे मनात येऊन सविस्तर उत्तर ह्या अंकातून द्यावे असे ठरविले. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पुराव्याच्या शास्त्राचा अभ्यासक हा पोलिसांचा मदतनीस नव्हे आणि आरोपीचा कैवारीही नव्हे. न्यायासनापुढे जे 'शास्त्र' म्हणून मांडले जाते ते खरोखरच शास्त्र आहे की काय, हे तपासून पाहणे हे त्याचे कार्य होय. आजच्या काळात ह्या कार्याची गरज फार मोठी आहे, आणि ते करण्याची बुद्धी आपल्या तालुक्यातील मुलामुलींत नाही असे मानण्याचे काहीच कारण नाही.

ह्या शास्त्राचे स्वरूप समजण्याकरिता दूर जावयास नको. केळीचा घड कापताना अगर पाने तोडताना जो चीक निघतो, तो सदऱ्यास लागला तर प्रथम दिसतही नाही. वाळल्यावर मात्र त्याचा काळपट डाग उमटतो, आणि तो कितीही धुतला तरी जात नाही, हे आपल्या घरोघरच्या मातांस पुरते ठाऊक आहे. आता अशी कल्पना करा की, एका रात्री कोणी वैराने एका शेतकऱ्याची उभी बाग कापून टाकली. दुसऱ्या दिवशी ज्या इसमावर गावाचा संशय होता त्याच्या सदऱ्यावर चिकाचा डाग आढळला. लोक लगेच म्हणतील, "सापडला चोर! आता आणखी पुरावा तो काय पाहिजे?"

परंतु वाचकहो, क्षणभर थांबा. रावेर तालुक्यात चिकाचा डाग नाही असा सदरा कोणाच्या घरी आहे? मजुराच्या अंगावर तो आहे, मालकाच्या अंगावर आहे, माल भरणाऱ्या हमालाच्याही अंगावर आहे. हाच डाग बागेशी कधी संबंध न आलेल्या मुंबईच्या एखाद्या कारकुनाच्या सदऱ्यावर मिळाला असता, तर त्याचा काही विचार करावा लागला असता. येथे तो डाग खरा आहे, चिकाचाच आहे, आणि तरीही तो त्या इसमाविरुद्ध जवळजवळ काहीच सिद्ध करीत नाही.

ह्या उदाहरणात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. डाग कशाचा आहे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर रसायनशास्त्र देते. त्या डागाचा अर्थ काय व त्यावरून किती म्हणता येईल, हा दुसरा प्रश्न; त्याचे उत्तर देण्यास गणित, तर्क व कायदा ह्या तिघांचे साहाय्य लागते. फ्रान्समधील लियाँ शहरी १९१० साली ज्यांनी पोलिसांकरिता प्रयोगशाळा थाटली ते एडमंड लोकार असे प्रतिपादन करीत की, दोन वस्तूंचा स्पर्श झाला म्हणजे एकीची काही ना काही खूण दुसरीवर राहतेच. हे तत्त्व मोलाचे आहे. परंतु ते अर्धेच आहे. खूण राहते हे खरे, पण ती खूण आणखी किती जणांजवळ असू शकेल हे विचारल्यावाचून तिची किंमत ठरत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे तज्ज्ञ आपल्या देशात पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रश्नास आयुष्य वाहणारे फार थोडे आहेत.

पुरावा शोधण्याची विद्या आपणांस नवी नाही. गावच्या चोरीचा माग जागल्याने काढावा अशी आपल्याकडे पूर्वापार वहिवाट होती. पावलांचे ठसे पाहत तो दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत जाई, आणि माग तेथे नेऊन पोहोचविला म्हणजे पुढील जबाबदारी त्या गावाची होई. खानदेशातील भिल्ल जागले ह्या कामात मोठे वाकबगार असत. दुसरीकडे, जेथे साक्षीपुराव्याने वाद मिटेना तेथे पेशवाईपर्यंत दिव्य करण्याचीही चाल होती. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, मग हात बांधून मोहर करावयाची, आणि काही दिवसांनी हात भाजला आहे की नाही ते पाहून खरेखोटे ठरवावयाचे! आज आपण त्यास हसतो. परंतु त्या काळच्या लोकांस दिव्य हा निर्णायक पुरावा वाटत असे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्याही काळी एखादे दिव्य नव्या यंत्राचा वेष घेऊन न्यायालयात शिरत नसेल कशावरून? हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

इंग्रजी अमदानीत सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांनी तयार केलेला पुराव्याचा कायदा १८७२ साली अमलात आला व दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. दिनांक १ जुलै २०२४ पासून त्याची जागा 'भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३' ह्या कायद्याने घेतली आहे. तज्ज्ञाच्या साक्षीस जुन्या कायद्याने कलम ४५ मध्ये जे नाव दिले तेच नव्या कायद्याच्या कलम ३९ मध्ये कायम आहे, आणि ते नाव म्हणजे 'मत'. तज्ज्ञ मत देतो; निकाल न्यायाधीश देतो. आपल्या प्राचीन नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे सांगितली आहेत. त्यांच्या भाषेत बोलावयाचे तर प्रयोगशाळेचा अहवाल हे अनुमान होय. दुर्दैवाने व्यवहारात ते शब्दप्रमाण होऊन बसते. कागदावर सरकारी शिक्का दिसला की पुढे कोणी काही विचारीत नाही.

हिंदुस्थानात विषपरीक्षेच्या सरकारी प्रयोगशाळा मद्रास येथे १८४९, कलकत्ता येथे १८५३, आग्रा येथे १८६४ आणि मुंबई येथे १८७० साली स्थापन झाल्या. त्या काळी सोमल घालून मारणे व धोतऱ्याचे बी चारून प्रवाशांस लुटणे हे प्रकार वारंवार घडत. मुंबईच्या ह्या प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्यास 'केमिकल अॅनालायझर' म्हणत, आणि आजही आपल्याकडील वकील मंडळी प्रयोगशाळेच्या अहवालास 'सी. ए. रिपोर्ट' असेच म्हणतात. हे पद भूषविणारे डॉ. लायन हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक होते, आणि हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर १९२० साली डॉ. जयसिंग मोदी ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोही अध्यापकाच्याच लेखणीतून उतरला आणि त्याच्या आवृत्त्या अद्याप निघत आहेत. सांगावयाचे तात्पर्य, हे शास्त्र आपल्या देशात ज्यांनी उभे केले त्यांत वर्गात शिकविणारांचा वाटा मोठा आहे.

बोटांच्या ठशांचा इतिहास तर आपणांस अभिमान वाटावा असा आहे. १८५८ साली बंगालमधील एक अधिकारी विल्यम हर्शेल ह्यांनी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. परंतु हजारो ठशांच्या ढिगातून हवा तो ठसा काढावा कसा? काझी अझीझुल हक ह्या गणिती तरुणाने ठशांचे १०२४ कप्प्यांत वर्गीकरण करण्याची रीत बसविली, आणि हेमचंद्र बोस ह्यांनी त्या कामास मोठा हातभार लावला. जगात ती पद्धत त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री ह्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली.

ह्याच कचेरीच्या आरंभकाळातील एक खटला मला विशेष बोधप्रद वाटतो. जलपैगुडीकडील एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातील एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा होता, आणि तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ साली खटल्याचा निकाल लागला. न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी धरले. खुनाबद्दल मात्र धरले नाही. ठसा एवढेच सांगतो की, ह्या माणसाच्या अंगठ्याने ह्या पंचांगास स्पर्श केला. खून कोणी केला हे तो सांगत नाही. नवीन शास्त्राचा डंका वाजत असतानाही त्या न्यायालयाने ठशास त्याच्या मर्यादेपलीकडे बोलू दिले नाही. आपल्या केळीच्या चिकाचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे.

शास्त्र मुके राहिले तर काय करावे, हा ह्याच्या उलट प्रश्न. तो महाराष्ट्रात १९५६ साली उद्भवला. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे ह्या मधुमेही विधवा बाई दिनांक १२ नोव्हेंबरच्या रात्री डॉ. अनंत चिंतामण लागू ह्यांच्यासमवेत आगगाडीने मुंबईस निघाल्या. सकाळी त्या बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल इस्पितळात पोहोचल्या व त्याच दिवशी मरण पावल्या. रासायनिक परीक्षेत विष सापडले नाही. पुढे त्या हयात असल्याचा देखावा करणारी बनावट पत्रे नातेवाइकांस गेली आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती आली, असे उघडकीस आले. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी डॉक्टरांची फाशी कायम केली. विष सापडले नाही म्हणजे विष दिलेच नाही असे होत नाही, कारण कित्येक विषे मागमूस न ठेवता नाहीशी होतात, आणि परिस्थितीची साखळी पूर्ण असेल तर ती पुरेशी आहे, असा त्या निकालाचा आशय होता. रसायनशास्त्र गप्प बसले असता तर्काने किती पुढे जावे व कोठे थांबावे, ह्याची चर्चा कायद्याच्या वर्गांतून अद्याप चालते. ही चर्चा करणारा मनुष्य रसायन जाणणारा पाहिजे आणि कायदाही जाणणारा पाहिजे. एकट्या रसायनज्ञास ती झेपत नाही व एकट्या वकिलासही झेपत नाही.

आता मघाच्या दिव्याकडे वळू. जून २००८ मध्ये पुण्याच्या एका सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत्लहरी मोजणाऱ्या एका चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात जमेस धरून आरोपींस दोषी ठरविले. आरोपीस काही वाक्ये ऐकवावयाची, तिच्या मेंदूतील लहरी यंत्राने टिपावयाच्या आणि त्यांवरून तिला त्या कृत्याचा 'अनुभव' आहे की नाही ते सांगावयाचे, असा तो प्रकार होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी ह्यावर आश्चर्य व्यक्त केले. कारण ही रीत किती वेळा बरोबर ठरते व किती वेळा चुकते, हे स्वतंत्रपणे कोणी कसोटीस लावलेलेच नव्हते. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गुंगीचे औषध देऊन घेतलेली जबानी, खोटे पकडणारे यंत्र अगर मेंदूची अशी चाचणी ही कोणावरही त्याच्या संमतीवाचून लादता येणार नाही. यंत्र नवे होते, परंतु त्यावरची श्रद्धा तेलाच्या कढईवरील श्रद्धेहून फार निराळी होती असे मला म्हणवत नाही.

असे प्रमाद आपल्याच देशात घडतात असे नव्हे. २००४ साली माद्रिद शहरी आगगाड्यांत स्फोट झाले. तेथे सापडलेल्या एका पिशवीवरील ठसा अमेरिकेतील एका वकिलाचाच आहे, असे त्या देशाच्या नामांकित तपासखात्यातील तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितले. तो वकील सुमारे दोन आठवडे अटकेत राहिला. शेवटी स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखविले. त्यानंतर २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका समितीने ह्या सर्व विद्यांची छाननी केली. डी.एन.ए. परीक्षा वगळता, अमुक खूण अमुकच व्यक्तीची आहे असे खात्रीने सांगण्याची शक्ती कोणत्याही पद्धतीने काटेकोर संशोधनाने सिद्ध केलेली नाही, असा स्पष्ट अभिप्राय त्या समितीने दिला. ज्या विद्येच्या आधारे पिढ्यान्पिढ्या माणसे तुरुंगात जात होती तिचा हा ताळेबंद होय. तो मांडला विद्वानांनी; तपासखात्याकडून तो आपण होऊन पुढे आला नसता.

आणि ज्या डी.एन.ए. परीक्षेचा एवढा लौकिक आहे, तिचा गुन्ह्याच्या तपासातील पहिला उपयोग कशाकरिता झाला, हे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठात १९८४ साली अॅलेक जेफ्रीज ह्यांनी ही पद्धत शोधून काढली. दोनच वर्षांनी जवळच्या गावी झालेल्या दोन मुलींच्या खुनांच्या तपासात तिचा उपयोग करण्यात आला. सतरा वर्षांच्या एका मुलाने गुन्हा कबूलही केला होता; परंतु परीक्षेने तो निरपराध असल्याचे दाखविले. खरा गुन्हेगार नंतर सापडला. म्हणजे ह्या शास्त्राने प्रथम एका निर्दोषाची बेडी तोडली, आणि नंतर दोषीस पकडले. कबुलीजबाबही खोटा असू शकतो हे १८७२ च्या कायद्याने ओळखलेच होते. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यात घेऊ नये असे कलम २५ मध्ये होते व नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे.

आता आपल्या उत्तर महाराष्ट्रातील गोष्ट सांगतो. ती सांगताना मन जड होते. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका शेतातील वस्तीवर रात्री दरोडा पडला आणि पाच जणांचा बळी गेला. अत्यंत क्रूर असा तो प्रकार होता, व त्यामुळे लोकांचा संतापही तसाच होता. भटक्या जमातीतील सहा गरीब इसमांस पकडण्यात आले. २००६ साली नाशिकच्या न्यायालयाने सर्वांस फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी कमी करून जन्मठेप केली. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशीच योग्य ठरविली. पुढे त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असेही निष्पन्न झाले. अखेर खटल्याची फेरसुनावणी झाली, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष ठरवून मुक्त केले व प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याची आज्ञा केली. त्या रात्रीतून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार माणसांस ओळखले होते. त्यांचा तपास झाला नव्हता. बोटांचे ठसे म्हणा, डी.एन.ए. म्हणा, ह्या सहा जणांकडे बोट दाखविणारा असा कोणताही शास्त्रीय पुरावा नव्हता.

सोळा वर्षे! ह्या अंकाचे वाचक असलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे एवढे सारे आयुष्यही नाही. "चोर सोडून संन्याशाला सुळी" ही म्हण आपण परीक्षेत वाक्यात उपयोग करण्याकरिता पाठ करतो. ती अशी प्रत्यक्षात उतरते. आणि ज्या कुटुंबातील पाच माणसे गेली, त्यांनाही न्याय मिळाला नाही तो नाहीच. निर्दोषास शिक्षा झाली म्हणजे दोषी सुटतो, हे मात्र आपण वारंवार विसरतो.

ह्यावर उपाय काय? एखादा एकटा अध्यापक काय करू शकतो, ह्याचे उदाहरण विदर्भातील सेवाग्राम येथे आहे. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली स्थापन केली. ह्या संस्थेत न्यायवैद्यकशास्त्र शिकविणारे डॉ. इंद्रजित खांडेकर ह्यांनी अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद गोळा करून त्यांचा बारकाईने अभ्यास केला. तपासणी किती अपुरी होते, तीत स्त्रीचा अपमान कसा होतो व अशास्त्रीय मजकूर कसा लिहिला जातो, हे त्यांनी २०१० साली एका अहवालात मांडले. त्या अहवालाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली, आणि २०१३ साली राज्य शासनाने अशा तपासणीची नवी कार्यपद्धती जाहीर केली. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत 'कौमार्य चाचणी' म्हणून जे प्रकरण पिढ्यान्पिढ्या शिकविले जाई, त्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही हेही त्यांनी दाखवून दिले. २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढून टाकला. पुढे ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अत्याचारग्रस्त स्त्रीची तसली तपासणी करणे हे गैरवर्तन ठरेल असे बजाविले. खेड्यातील एका महाविद्यालयातील अध्यापकाने कागद वाचले, मोजले, तपासले आणि लिहिले. त्याच्या हाती ना दंडुका होता, ना अधिकारपद. पण त्या लिखाणामुळे पुढे न्यायालयात येणाऱ्या कित्येक स्त्रियांची विटंबना टळली. "चांगल्या घरच्या मुलीने करायचा हा अभ्यास झाला काय?" असे त्या सद्गृहस्थांनी विचारले होते. माझे उत्तर असे की, चांगल्या घरच्या मुलींनी तो केला असता तर हे काम कदाचित पुष्कळ आधी झाले असते.

आता व्यवहाराकडे पाहू. कारण पालकांस त्याचा विचार करावा लागतो व तो करणे योग्यच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिते'प्रमाणे सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. त्याकरिता राज्यांस पाच वर्षांपर्यंत अवधी दिलेला आहे. म्हणजे तज्ज्ञांची मागणी वाढणार हे उघड आहे. बारावीनंतर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय संस्थांत ह्या शास्त्राचे शिक्षण मिळते. गांधीनगरच्या नॅशनल फोरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीस २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठाचे स्थान मिळाले असून गोव्यासही तिची शाखा आहे. वैद्यकीय पदवीनंतर न्यायवैद्यकात एम.डी. होता येते. तो विषय जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही शिकविला जातो. कायद्याची पदवी घेऊन पुराव्याच्या कायद्यावर संशोधन करता येते, आणि संख्याशास्त्राच्या वाटेनेही येथे पोहोचता येते.

मार्ग सोपा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पीएच.डी. होईपर्यंत वयाची तिशी जवळ येते. अध्यापकांच्या जागा थोड्या असतात व त्या वेळेवर भरल्याही जात नाहीत. डॉक्टरास जो मान गावात मिळतो तो ह्या विद्वानास मिळणार नाही. त्याचे काम काय ते शेजाऱ्यांसही कळणार नाही. चित्रपटांत दाखवितात तशी झटपट उकल प्रत्यक्षात नसते. वर्षानुवर्षे मापे घेऊन शेवटी "ही पद्धत भरवशाची नाही" एवढाच निष्कर्ष निघाला, असेही होईल. परंतु तो एवढासा निष्कर्षही एखाद्याचा गळा फासातून सोडवू शकतो. ज्या कुटुंबास दोन वेळची भ्रांत नाही, त्याने आपल्या एका बुद्धिमान अपत्यास ह्या संथ वाटेने जाऊ द्यावे, अशी माझी विनंती आहे.

विद्यार्थिमित्रहो, शेवटची गोष्ट तुमच्याकरिता. ह्या शास्त्राचा पहिला धडा आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतच मिळतो. लंबकाच्या प्रयोगात माप बरोबर आले नाही की गेल्या वर्षीच्या वहीतील आकडे उतरवून काढण्याची कित्येकांस सवय असते. उत्तर आधी ठरले आणि मापे मागून लिहिली गेली! बसल्या जागी लिहिलेला पंचनामा ह्याहून निराळा काय असतो? प्रयोगवहीत चुकलेले माप चुकलेलेच लिहा, वेळ लिहा, मोजणारा कोण तेही लिहा. मुद्देमालावरील लाखेच्या मोहरेचे महत्त्व तुम्हांस ह्यातूनच कळेल. बागेत घड कापल्यापासून दिल्लीच्या बाजारात पोहोचेपर्यंत माल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला हे ठाऊक नसेल, तर तो वाटेत कोठे काळवंडला हे सांगता येत नाही. पुराव्याचेही तसेच आहे.

त्या सद्गृहस्थांस हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. त्यांनी कन्येस लगेच होकार द्यावा असा माझा आग्रह नाही. तिने बारावीपर्यंत विज्ञान व गणित मनापासून शिकावे आणि मग ठरवावे. मात्र "हे कसले खूळ" असे म्हणून तिला आजच गप्प करू नये. चिकाच्या डागाकडे पाहून "सापडला चोर" असे ओरडणारे गावात पुष्कळ मिळतील. "असा डाग आणखी कोणाकोणाच्या सदऱ्यावर आहे?" असे शांतपणे विचारणारी एक मुलगी ह्या तालुक्यातून निघाली, तर ती आम्हांस हवी आहे.